टेपचं दुसरं टोक

मामांचा विषय निघाला की मी म्हशीची गोष्ट सांगतो. ती सांगून झाली की लोक हसतात, चहा येतो आणि विषय बदलतो. मामांची आणखी एक गोष्ट मला माहीत आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. ती सांगावी लागू नये म्हणूनच मी म्हशीची गोष्ट सांगत आलो. आता पंचाहत्तरी जवळ आली आहे, तेव्हा दोन्ही सांगून टाकतो. म्हशीची आधी, कारण तिची सवय आहे.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवतात, अंगावर नक्षी काढतात, आणि मालक मोटारसायकलवर पुढे, म्हैस मागे, अशी पळवतात. अशीच एक म्हैस मालकाचा नाद सोडून एका गल्लीत उभ्या असलेल्या लोकांच्या अंगावर आली. डाव्या हाताला पंधरा पावलांवर एक बोळ होता. सगळे त्या बोळात शिरले. मामा शिरले नाहीत. त्या बोळाच्या तोंडावरून पूर्वी शहराचा तट जात होता. तो तट मामांच्या जन्माआधीच पाडला होता, पण मामांच्या हिशेबी तिथं भिंत होती आणि भिंतीतून माणूस जात नाही. म्हणून मामा तटाच्या कडेकडेनं वरुणतीर्थ वेशीपर्यंत धावत गेले, जिथं एके काळी वेस होती त्या जागेवरून आत वळले आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला आले. म्हैस तोवर बोळातून सरळ आत येऊन उभी होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जनावर हाय. त्याला काय म्हाईत."

ही झाली म्हशीची गोष्ट.

मी मोजणीच्या कचेरीत सर्व्हेअर होतो. मामा चेनमन होते. मोजणीत एका माणसाच्या हातात टेपचं एक टोक असतं आणि तो आकडा वाचतो. तो मी. दुसऱ्या टोकाचा माणूस सांगितलेल्या जागी टोक धरून उभा राहतो. ते मामा. माझ्यापेक्षा ते दहा-बारा वर्षांनी मोठे होते. कचेरीतले सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायचो. ते मला साहेब म्हणत. माझ्या तोंडावर साहेब म्हणायचे आणि माझ्या पाठीमागेही साहेबच म्हणायचे, हे मला फार उशिरा कळलं.

मामा नोकरीला लागले तेव्हा टेप नव्हती, लोखंडी साखळी होती. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, आणि त्या प्रत्येक भागाला आणा म्हणायचे. पुढे कचेरीत मीटर आले. मामांकडे आले नाहीत. कुणी पावणा रस्त्यात थांबवून अंबाबाईच्या देवळाचा रस्ता विचारायचा. मामा सांगायचे, "हितनं सव्वीस साखळ्या सरळ. मग वेस लागंल. वेशीतनं आत गेलासा की डाव्या हाताला धा साखळ्या, चार आणं."

"वेस कुठं आहे?"

"पाडली की."

पावणा दुसऱ्या माणसाला विचारायला जायचा.

आमची कचेरी तटाबाहेर होती. एकदा समोरच्याच एका घराची मोजणी होती. खिडकीतून ते घर दिसत होतं, त्यांच्या दोरीवरचे कपडे दिसत होते. पण ते तटाच्या आत. मी रस्ता ओलांडून गेलो आणि पाऊण तास मामांची वाट पाहिली. ते टेप खांद्याला अडकवून वेशीला वळसा घालून आले. मी म्हटलं, "मामा, भिंत कुठं आहे इथं?"

"न्हाय म्हणूनच ध्यानात ठिवाय लागतं. असती तर आपटून कळलं असतं."

मी त्यांच्या खांद्यावरची टेप उतरवून घेतली.

दर रविवारी सकाळी मामा तटावरून फिरायला जायचे. बिंदू चौकाजवळ तट आणि बुरूज अजून उभे आहेत, तिथं हात लावून सुरुवात करायची आणि शहराला पुरा वेढा घालून परत तिथंच यायचं. मधला तट गेलेला, त्याच्या जागेवर दुकानं, घरं, गोठे, एक गिरणी. मामांना त्याची अडचण नव्हती. ते जुन्या तटाच्या रेघेवरून जायचे, आणि ती रेघ ज्याच्या घरातून जात असेल त्याच्या घरातून जायचे. दारात उभे राहून एकदाच म्हणायचे, "तटावरनं चाललोय." मग चपला हातात घेऊन पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर.

एका रविवारी त्यांच्याबरोबर गेलो. मला वाटलं होतं लोक हाकलतील. पण पहिल्याच ठिकाणी, एका न्हाव्याच्या दुकानात, न्हाव्यानं मामांना बघून गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा वस्तरा वर उचलला, खुर्ची वीतभर सरकवली, मामा आरशासमोरून गेले, आणि वस्तरा परत खाली आला. गिऱ्हाइकानं डोळेही उघडले नाहीत. ते बहुधा नेहमीचं असावं.

गिरणीत मालकानं पट्टा थांबवला. एका घरात रेघ स्वयंपाकघरातून जात होती. तिथल्या बाईंना सगळी गल्ली काकी म्हणायची. मामांनी ओट्यावर तळवा टेकला आणि मला म्हणाले, "साहेब, हितं तोफ हुती."

काकी म्हणाल्या, "आता कुकर हाय. तिसऱ्या शिट्टीच्या आत भाईर पडा, मला पोळ्या लाटायच्या हायत."

"पडतो की. घाई काय."

"तुमाला न्हाय घाई. तुमचा तट कुठं पळून चाललाय."

पुढच्या एका घरात, मी नव्हतो तेव्हा, लग्न होतं. रेघ स्टेजवरून जात होती. मामा अक्षता पडेपर्यंत खाली थांबले, आपल्याही टाकल्या, आणि मग स्टेजवरून पलीकडे गेले. त्या घरातल्या अल्बममध्ये नवरानवरीच्या मागून मामा डावीकडून उजवीकडे जाताना तीन फोटोंत दिसतात. तिसऱ्यात त्यांच्या हातात चपला आहेत.

परत येताना मी विचारलं, हे सगळं कशासाठी. मामा म्हणाले, "आमचा आजा तट पाडायच्या कामावर हुता. रोजंदारीवर. लई फुटला त्याच्या हातनं. आमच्याच घरानं पाडला, मग ध्यान कुनी ठिवायचं? पेठंतल्या लोकांनी?" मग थोडं चालून म्हणाले, "आज्याचं काम चांगलं हुतं पर. एक दगड वाकडा पाडला न्हाय."

या फिरण्याचा एक परिणाम असा झाला होता की त्या गल्ल्यांत मामांच्या शब्दाला वजन आलं होतं. दोन शेजाऱ्यांत भिंतीवरून भांडण झालं की ते आधी कचेरीत अर्ज करत नसत. रविवारी मामा यायची वाट बघत. मामा कुणाचीच बाजू ऐकत नसत. पावलं टाकत, एक ठिकाणी टाच रुतवून उभे राहत आणि म्हणत, "हितं." मग दोघंही घरात जात. नंतर कुणी सरकारी मोजणी करून घेतलीच, तर आमची टेप त्याच टाचेवर येई. मी स्वतः दोनदा ते बघितलं. मला ते आवडलं नव्हतं.

का आवडलं नव्हतं तेही लिहायला हवं. कोल्हापूरच्या कचेरीत बदलून आलो त्या पहिल्याच आठवड्यात, एका मिळकतीच्या मोजणीत मी आकडा वाचला आणि टेपच्या दुसऱ्या टोकावरून मामा ओरडले, "साहेब, चार आणं चुकालंय. परत एकदा बगा." मामांचा आवाज असा की चार आण्यांची बातमी मागच्या गल्लीत गेली. मी परत पाहिलं. चुकलं होतं. मिळकतीचा मालक हसला. मामा हसले नव्हते. त्यांनी फक्त आकडा सुधारला आणि पुढच्या खुणेकडे गेले. पण माणूस हसणाऱ्यावर राग धरत नाही, ज्याच्यामुळे हसू आलं त्याच्यावर धरतो. निदान मी धरला. पुढची सहा वर्षं मामांचं "परत एकदा बगा" ऐकलं की मी आधी आजूबाजूला कोण आहे ते बघायचो आणि मग टेपकडे.

आता दुसरी गोष्ट.

एका पेठेत भांड्यांच्या एका व्यापाऱ्याचं घर होतं. त्याला मागच्या बाजूला इमारत बांधायची होती, म्हणून हद्दीची मोजणी. घराच्या मागे न्हाणीघर, आणि न्हाणीघराच्या पाठीला एक टेकाड. त्यावर गुळवेल, घाणेरी, फुटक्या कुंड्या. बघणाऱ्याला मातीचा ढीग वाटेल असं. तो तट होता. त्या बाजूचा शेवटचा उभा तुकडा.

जुन्या नकाशात तट दोन रेघांनी दाखवलेला असतो. आतली रेघ म्हणजे तटाचं शहराकडचं अंग, बाहेरची रेघ म्हणजे खंदकाकडचं. मिळकत आतल्या रेघेपाशी संपते. दोन रेघांमधलं सगळं सरकारी. हे शिकाऊ सर्व्हेअरलाही कळतं.

मामा न्हाणीघराच्या मागे, गुळवेलीत हात घालून, टोक धरून उभे होते. नकाशातल्या ज्या रेघेवर माझं बोट होतं तिच्याशी माझा आकडा जुळेना. मला वाटलं, ते फार अलीकडे उभे आहेत. मी हाक मारली, "मामा, पुढं जा. टेकाडाच्या पलीकडं."

"साहेब, तट हितनं सुरू हुतो. मी हात लावलाय त्यो दगड तटाचाच हाय. परत एकदा बगा."

व्यापारी माझ्या शेजारी उभा होता. तो हसला नाही, पण हसण्याआधी तोंड जसं होतं तसं त्याचं तोंड झालं. मी ओरडलो, "मोजणी मी करतोय की तुम्ही?"

मामा थोडा वेळ दिसले नाहीत. मग टेकाडावर चढून पलीकडे उतरताना दिसले. टेप ताणली गेली. पलीकडून आवाज आला, "धरलं साहेब. तुमी सांगितलं म्हणून धरलंय. पर हे चुकीचं हाय."

मी आकडा लिहून घेतला. तो नकाशातल्या बाहेरच्या रेघेशी बरोबर जुळला. जुळल्यावर मला बरं वाटलं, आणि दोन रेघांपैकी ही कुठली हे मी पाहिलं नाही. म्हणजे कचेरीत शाई लावताना पाहिलं. तोवर व्यापाऱ्यासमोर बोलून बसलो होतो. दुरुस्ती करायची तर परत जावं लागलं असतं, परत टेप धरावी लागली असती, आणि दुसऱ्या टोकाला मामाच असते. कागदावर ती चूक दाभणाच्या जाडीची होती. जमिनीवर ती बारा फूट रुंद आणि चाळीस फूट लांब होती. मी शाई लावली, आणि तट व्यापाऱ्याच्या मिळकतीत गेला.

मधे काही महिने गेले. एके दिवशी दुपारी कचेरीत बातमी आली की त्या व्यापाऱ्याच्या घरामागं जेसीबी लागलाय आणि मातीतून काळे घडीव दगड निघताहेत, चुन्यात बसवलेले. मामा टेबलावरचा डबा तसाच उघडा टाकून निघाले. सरळ गेले असते तर दहा मिनिटांत पोचले असते. ते वेशीतून गेले. पोचले तेव्हा निम्मा तट ट्रॅक्टरमध्ये भरून झाला होता.

मीही गेलो होतो. मी सरळ गेलो होतो, म्हणून आधी पोचलो होतो, आणि गर्दीत मागे उभा होतो. जेसीबीवाला ओरडला, "आजोबा, बाजूला व्हा." मामा बाजूला झाले. मग यंत्र थांबल्यावर कापलेल्या तटाजवळ गेले, इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत पावलं टाकली आणि परत आले. कुणीतरी विचारलं, काय मामा? मामा म्हणाले, "रुंदी बरोबर हाय."

पेपरात आलं. मग चौकशी लागली. मोठ्या साहेबांनी मला लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, "मोजणीवेळी टेपचे दुसरे टोक चेनमन यांनी धरले होते." या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते तीनदा वाचून पाहिलं होतं.

मग आम्हा दोघांना आत बोलावलं. मोठे साहेब बसलेले, आम्ही उभे. मामांना विचारलं. मामा म्हणाले, "मी साहेबास्नी सांगितलंतं. दोनदा सांगितलंतं. ह्यास्नीच इचारा की."

मोठे साहेब माझ्याकडे वळले. "यांनी सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

माझी बढती जवळ आली होती. हे कारण म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मला पुढची वर्षं सोपी गेली असती. ते टेपच्या टोकावरून बघायचे तसं बघत होते. आणि त्याच आवाजात, फक्त जरा हळू, म्हणाले, "साहेब, परत एकदा बगा."

"आठवत नाही," मी म्हणालो.

मामांच्या सेवापुस्तकात हयगय केल्याची नोंद झाली. निवृत्तीला चौदा महिने राहिले असताना त्यांची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. रविवारी ते पहाटेच्या एसटीनं येत, तटावरून फिरत आणि दुपारच्या एसटीनं परत जात. मामींना एवढंच भेटत की डबा हातात मिळे. मला बढती मिळाली. नव्या टेबलावर काच होती.

नोंदीचं फार नव्हतं. सेवापुस्तक कोण वाचतं. पण चौकशीत काय ठरलं तेही पेपरात आलं होतं, आणि गल्ल्यांनी पेपर वाचला होता. मामा अजूनही घराघरातून जात होते, कुणी दार बंद केलं नाही. फक्त भिंतीच्या भांडणाला कुणी त्यांना थांबवेनासं झालं. ते टाच रुतवून "हितं" म्हणायचे ते बंद झालं, कारण "कुठं?" असं विचारणारं कुणी राहिलं नाही. पोरं मागून ओरडायची, "मामा, टेप धराय येती का?" मोठी माणसं पोरांना दटावायची आणि स्वतः हसायची.

त्या न्हाव्याकडे मी पुढे दाढी करायला जायला लागलो होतो. एकदा तो कुणाला तरी सांगत होता, "तट तट म्हणून जन्म घालवला आनि शेवटी तट ह्यांच्याच हातनं गेला बगा. टोक धराय चुकला म्हणं. एवढंच तर काम हुतं." मी खुर्चीत होतो. मी बोललो नाही. तोंडाला साबण होता, हे एक कारण देता येईल.

मग दोघंही निवृत्त झालो. मी मामांना टाळलं. कोल्हापूर एवढं मोठं नाही की माणूस माणसाला पंधरा वर्षं टाळू शकेल, पण मामा कुठल्या रस्त्यानं जाणार हे आधीच माहीत असल्यामुळे मला ते जमलं. शेवटी रंकाळ्यावर कुणीतरी सांगितलं की मामांचा गुडघा गेलाय, घरातच असतात. जायचं ठरवलं. सांगायचं वाक्य तयार होतं: मामा, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, मी खोटं बोललो. तीन भाग, बसमधून जाताना मी ते तीनदा म्हणून पाहिलं.

मामींनी दार उघडलं. "आलासा व्हय? बसा. ह्यास्नी गुडघ्यानं खाली बसवलंय, न्हाईतर आज रविवारी तुमाला कुठं घावले असते."

मामा कॉटवर होते. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. मी पहिला भाग सुरू करणार तेवढ्यात ते म्हणाले, "साहेब, बरं झालं. तुमचं पाय चालत्यात का?"

"चालतात."

"मग तुमी जावा की तटावरनं. म्या सहा रविवार गेलो न्हाय. काय पडलं, काय ऱ्हायलं, कळंना झालंय. फिरा आनि यून मला सांगा."

मी हो म्हणालो. वाक्य खिशात राहिलं.

वर्षभर मी दर रविवारी गेलो. न्हावी खुर्ची सरकवायचा, गिरणीवाला पट्टा थांबवायचा, काकी म्हणायच्या, "मामांनी तुमाला बी नादाला लावलं व्हय." फिरून मामांच्या कॉटजवळ बसून सगळं सांगायचो. काकींनी ओट्यावर नवी फरशी बसवली. गिरणी विकायला काढलीय. अमक्याच्या घराचा आता मोबाइलचा गाळा झालाय, आतून जाऊ देतात पण सेल्फी काढतात. मामा डोळे मिटून ऐकायचे. सांगत सांगत मी त्या व्यापाऱ्याच्या इमारतीपाशी यायचो, जिथं आता पार्किंग आहे. तिथं मामा डोळे न उघडता म्हणायचे, "त्यो तुकडा ऱ्हाऊ द्या. म्होरं चला."

मी म्होरं चलायचो. दर रविवारी.

एका रविवारी मी चललो नाही. म्हटलं, "मामा, आज त्या तुकड्यापाशी थांबायचंय."

मामांनी डोळे उघडले. "थांबा."

"तुम्ही मला त्या दिवशी..."

"मला काय सांगतायसा," मामा म्हणाले. "मी हुतो की तितं. सांगनारा मीच हुतो." मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला सांगून काय उपेग न्हाय, साहेब. मला म्हाईत हाय. त्यास्नी सांगा. न्हाव्याला सांगा, गिरणीत सांगा, काकीला सांगा. ज्यांच्या घरातनं म्या एवढी वर्षं गेलो त्यास्नी वाटतंय की ह्याला टोक धराय येत न्हाय. म्होरल्या रविवारी जाशीला तवा सांगा. लई न्हाय, एकच वाक्य. मामानं सांगितलंतं म्हणावं."

मी म्हणालो, "सांगतो."

पुढच्या रविवारी मी निघालो. न्हाव्याच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, म्हणून परत येताना सांगू असं ठरवलं. गिरणीत आवाज होता. लग्नाच्या घरी त्यांची सून बाळंत झाली होती, त्यांनी पेढा हातावर ठेवला. काकींकडे कुणीच नव्हतं. कुकरही नव्हता. काकी म्हणाल्या, "मामा कसं हायत?" मी म्हणालो, "बरे आहेत." मागच्या दारानं बाहेर पडलो. पूर्ण वेढा झाला. परत येताना न्हाव्याचं दुकान बंद झालं होतं.

मामा कॉटवर उठून बसले होते. मामींनी त्यांना धुतलेला सदरा घातला होता.

"सांगितलंसा?"

मी म्हणालो, "हो."

"न्हावी काय म्हणाला?"

"म्हणाला... मामांच्या पाया पडायला यायला पाहिजे."

"येत न्हाय त्यो. रविवारी धंदा असतोय. पर म्हणाला न्हवं? गिरणीवाला?"

"त्यानं पट्टा बंद केला आणि सगळ्यांना ऐकवलं."

मामांनी मान हलवली. "आनि काकी?"

"काकी रडल्या."

मामा थांबले. "काकी रडली? ती रडायची बाई न्हाय, साहेब."

"म्हणजे," मी म्हणालो, "आधी मला शिव्या दिल्या."

"हां. आता बरुबर." मामा मागे टेकले. मामी पदरानं तोंड झाकून आत गेल्या, आणि आतून रवा भाजल्याचा वास आला. मग मामांनी मला एकेका घराचं पुन्हा विचारलं. मी एकेका घराचं पुन्हा सांगितलं. कोण काय म्हणालं, कोण कुठं उभं होतं. सहा वर्षं एकत्र काम केलं होतं, त्यामुळे त्यांना काय पटेल हे मला बिनचूक माहीत होतं. पार्किंगपाशी आलो तेव्हा मी आपणहून थांबलो, तर मामा म्हणाले, "थांबलासा का? सांगा की, तितं काय हाय आता?" त्या दिवशी मी शिरा दोनदा घेतला.

त्यानंतर महिनाभरात मामा गेले. मी रविवारी काही ना काही कारण काढून तटावर गेलो नव्हतो, त्यांच्याकडेही गेलो नव्हतो. शववाहिका पंचगंगेवर सरळ रस्त्यानं गेली, तट कुठं लागला ते ड्रायव्हरला कसं कळणार. मी पुढच्या सीटवर होतो.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी सगळे घरी आले. न्हावी आला होता, दुकान बंद ठेवून. गिरणीवाला होता. काकी मामींच्या शेजारी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी दाराजवळच्या खुर्चीत होतो.

काकी मामींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "लई भला मानूस. माझ्या स्वैपाकघरातनं तीस वर्षं गेला, कदी वर मान करून बघितलं न्हाय. ते टेपचं तेवढं एक झालं, पर चुकतंय की मानूस. आमी काय मनात ठिवलं न्हाय."

न्हाव्यानं मान डोलावली. "न्हाय न्हाय. कुनी न्हाय ठिवलं."

मामींनी काकींच्या हातातून आपला हात काढला नाही. त्यांनी काकींकडे पाहिलं, न्हाव्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना काय कळलं ते मला दिसत होतं. त्या वाट बघत होत्या.

मी खुर्चीतून उठलो. म्हटलं, "काकी."

"काय वो, साहेब?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकच वाक्य होतं.

"मामांनी," मी म्हणालो.

"व्हय?"

"मामा नेहमी तुमचं नाव काढायचे."

काकींनी डोळ्याला पदर लावला.